गुंफण किती वेळ टिकली, ते मोजा

नागपूर ते भंडारा हे अंतर साधारण ६० किलोमीटरचे. ऑप्टिकल फायबरमधून निघालेला प्रकाशाचा कण ते ३०० मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या सुमारे तीन हजाराव्या भागात कापतो. माणसाच्या हिशेबात हा वेळ शून्यच. क्वांटम संगणकातल्या क्यूबिटच्या, म्हणजे त्याच्या माहितीच्या मूलभूत एककाच्या, हिशेबात मात्र तो फार मोठा आहे. अतिवाहक धातूचे क्यूबिट आज जगभर सर्वाधिक वापरात आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांची नाजूक अवस्था शे-दोनशे मायक्रोसेकंदांत विस्कटू लागते. नागपूरच्या प्रयोगशाळेतला असा एक क्यूबिट भंडाऱ्यातल्या क्यूबिटशी जोडला, तर जोड झाल्याची खबर नागपूरला परत पोहोचेपर्यंत जोडच उरलेली नसेल.

क्वांटम तंत्रज्ञानाचे भवितव्य याच अडचणीवर अवलंबून आहे. तरीही आपल्याकडची चर्चा क्यूबिटच्या संख्येभोवती फिरते. अमुक संस्थेने सहा केले, तमुक कंपनीने पंचवीस केले, परदेशात हजारावर गेले, अशा बातम्या येतात. दूरच्या दोन क्यूबिटमधली जोड किती अंतरावर झाली आणि किती वेळ टिकली, हे क्वचितच कोणी विचारते. सरकारने, संस्थांनी आणि करदात्या नागरिकांनी हाच प्रश्न आधी विचारला पाहिजे. त्याचे उत्तर शोधण्याची जागाही मुंबई-पुण्याच्या बाहेर, नागपूर-भंडाऱ्यासारख्या पट्ट्यात असली पाहिजे.

दोन क्यूबिटमधल्या या जोडणीला भौतिकशास्त्रात ‘क्वांटम एन्टँगलमेंट’ म्हणतात. इथे तिला गुंफण म्हणू. दोन क्यूबिट गुंफले गेले की त्यांची अवस्था वेगवेगळी सांगताच येत नाही. एकट्याचे मोजमाप केले तर उत्तर निव्वळ योगायोगाचे वाटते. दोघांची उत्तरे शेजारी ठेवली की त्यांच्यात इतका घट्ट मेळ दिसतो, की दोघांनी आधीच काही ठरवून ठेवले होते असे मानूनही त्याचा उलगडा होत नाही. १९३५ मध्ये आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी या विचित्रपणाकडे बोट दाखवले. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी त्याची कसोटी कशी घ्यायची ते गणिताने दाखवले. ती कसोटी प्रयोगशाळेत घेणाऱ्या अॅलेन आस्पे, जॉन क्लाउझर आणि अँटोन झायलिंगर यांना २०२२ चे नोबेल मिळाले. गुंफणीतून प्रकाशापेक्षा वेगाने निरोप पाठवता येतो, हा मात्र गैरसमज आहे. उत्तरे जुळतात हे कळण्यासाठी ती नेहमीच्याच मार्गाने एकत्र आणावी लागतात.

दूरवर गुंफण पोहोचवायची तर दूत एकच, प्रकाशाचा कण. उत्तम फायबरमध्येही दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल गळती होते. नागपूरहून सोडलेल्या सोळा कणांपैकी भंडाऱ्याला सरासरी एक पोहोचेल. मुंबई-पुणे १५० किलोमीटर धरले तर हजारात एक. भंडारा-मुंबई ९०० किलोमीटर धरले, तर सेकंदाला शंभर कोटी कण सोडूनही पलीकडे एक कण मिळायला तीस वर्षांहून अधिक काळ लागेल. दूरध्वनीच्या आणि इंटरनेटच्या मार्गावर अधूनमधून अॅम्प्लिफायर बसवून ही अडचण कधीच सुटली. क्वांटम अवस्थेला तो उपाय लागू पडत नाही, कारण अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करता येत नाही हा निसर्गाचाच नियम आहे. म्हणून मार्गाचे छोटे टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्यावर गुंफण तयार करायची, शेजारचा टप्पा तयार होईपर्यंत ती जपून ठेवायची आणि मग टप्पे एकमेकांना जोडायचे. या यंत्रणेला क्वांटम रिपीटर म्हणतात. जपून ठेवता आले नाही, तर टप्पे पाडून काहीच साधत नाही.

गुंफण घडवण्याच्या आणि जपण्याच्या या कामाशी महाराष्ट्राचे नाते थेट आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, अतिवाहक क्यूबिटची प्रयोगशाळा चालवणारे प्रा. राजमणी विजयराघवन यांनी येल विद्यापीठात मिशेल देव्होरे यांच्याकडे पीएच.डी. केली. त्याच देव्होरे यांना जॉन क्लार्क आणि जॉन मार्टिनिस यांच्यासह २०२५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे बर्कलीत इरफान सिद्दीकी यांच्या गटात असताना विजयराघवन यांनी केलेला प्रयोग २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. क्यूबिटवर सतत हलके मोजमाप ठेवायचे, तो ढळू लागला की लगेच सावरायचे आणि त्याची आंदोलने विझू द्यायची नाहीत, अशी ती रीत होती. २०१४ मध्ये त्याच गटाने एक मीटरहून लांब केबलच्या दोन टोकांना असलेल्या अतिवाहक क्यूबिटमध्ये गुंफण घडवली. त्या शोधनिबंधाच्या लेखकांतही विजयराघवन यांचे नाव आहे.

म्हणजे क्यूबिटची अवस्था टिकवणे आणि दूरचे क्यूबिट जोडणे, या दोन्ही कामांचा अनुभव मुंबईत दहा वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये टीआयएफआर आणि डीआरडीओची पुण्यातली क्वांटम तंत्रज्ञानाची तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळा यांनी सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची पूर्ण चाचणी केल्याचे जाहीर झाले. क्यूबिटची रचना आणि घडण टीआयएफआरची, नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पुण्याची, आणि क्लाउडवरून प्रयोग पाठवण्याच्या कामात टीसीएसची साथ. कौतुक करण्यासारखीच ही कामगिरी आहे. वर्तमानपत्रांत मात्र आकडा उरला तो सहाचा.

जगात काय चालले आहे ते पाहिले की आकड्याचा हा मोह किती अपुरा आहे ते कळते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये १.३ किलोमीटर अंतरावरचे दोन क्यूबिट गुंफून बेल यांची कसोटी पळवाटा न ठेवता पार केली. हिऱ्यातल्या नायट्रोजनच्या दोषाजवळ अडकलेले इलेक्ट्रॉन हे त्यांचे क्यूबिट. प्रयोग भव्य होता, पण २२० तासांत गुंफण साधली ती फक्त २४५ वेळा, म्हणजे ताशी जेमतेम एकदा. तीन वर्षांनी त्याच गटाने वेगळाच आकडा पुढे ठेवला. या वेळी अंतर होते अवघे दोन मीटर, पण गुंफण सेकंदाला ३९ वेळांपर्यंत तयार होत होती आणि तुटण्याच्या वेगापेक्षा हा वेग कित्येक पटींनी जास्त होता. त्यामुळे प्रथमच ‘मागाल तेव्हा गुंफण हजर’ असे म्हणता आले. अंतर घटले, क्यूबिट वाढले नाहीत, तरीही ती झेप मोठी होती, कारण तयार होण्याचा वेग आणि विस्कटण्याचा वेग यांचे गुणोत्तर एकच्या वर गेले. क्वांटम नेटवर्क कामाचे की दिखाव्याचे, हे या गुणोत्तरावरून ठरते.

ही झाली वेगाची वाट. दुसरी वाट साठवणीची. २०२४ मध्ये हार्वर्डच्या गटाने बॉस्टन परिसरात रस्त्यांखाली आधीच पुरलेल्या ३५ किलोमीटरच्या दूरसंचार फायबरमधून दोन क्वांटम मेमरी गुंफल्या. हिऱ्यातल्या सिलिकॉनच्या अणुकेंद्रात ती गुंफण सेकंदाच्या मापात जपता येते, हेही दाखवले. नागपूर-भंडारा जाऊन-येऊन प्रकाशाला ६०० मायक्रोसेकंद लागतात. एक सेकंद म्हणजे अशा दीड हजारांहून अधिक फेऱ्या.

तिसरी वाट सर्वांत चकित करणारी आहे. तिच्यात गुंफण एकदाच करून जपायची नसते. यंत्रणाच अशी रचायची की ती आपोआप गुंफलेल्या अवस्थेकडे जाईल आणि तिथेच राहील. भंडाऱ्याच्या वाचकाला हे तलावावरून चटकन समजेल. कोहळी समाजाने बांधलेल्या जुन्या तलावांना, आजच्या माजी मालगुजारी तलावांना, सांडवा असतो. वरून पाणी येत राहिले की तलाव आधी अर्धा असो वा काठोकाठ, पातळी शेवटी सांडव्याच्या उंचीवर येऊन थांबते. पाणी बाहेर जाते म्हणूनच पातळी ठरलेली राहते. क्यूबिटच्या बाबतीतही शास्त्रज्ञांनी गळतीलाच कामाला लावले आहे. बाहेरून सूक्ष्मलहरी किंवा लेझर सतत देत राहायचे आणि गळतीची वाट अशी आखायची की चुकीच्या अवस्था त्या वाटेने निघून जातील, नेमकी हवी ती गुंफलेली अवस्था मात्र तिथून निसटणार नाही.

ही केवळ कागदावरची कल्पना नाही. कोपनहेगनमध्ये यूजीन पोल्झिक यांच्या गटाने २०११ मध्ये सीझियमच्या वाफेने भरलेल्या, अर्ध्या मीटरवरच्या दोन काचकुप्यांमधली गुंफण अशा रीतीने तासाभरापर्यंत टिकवली. २०१३ मध्ये येलच्या गटाने, श्याम शंकर यांच्या पहिल्या लेखकत्वाखाली आणि देव्होरे यांच्या मार्गदर्शनात, दोन अतिवाहक क्यूबिटमध्ये स्वयंस्थिर गुंफण दाखवली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या बोल्डरच्या शास्त्रज्ञांनी बेरिलियमच्या आयनांवर तेच साधले. येलचे दोन्ही क्यूबिट मात्र एकाच धातूच्या पोकळीत शेजारी होते. तीच किमया दूरच्या क्यूबिटवर करायची तर मधल्या तारेतली गळती आड येते. सांडव्याची गळती आखलेली असते. तारेतली गळती कुठेही, कशीही होते आणि स्थिर झालेली गुंफणही फिकी करते. शिकागोचे आशीष क्लर्क यांच्यासारखे सिद्धांतकार अशा अवस्था गळतीपुढे कशा तगतील यावर काम करत आहेत. अतिवाहक क्यूबिटपुढे आणखी एक अडथळा आहे. ते शून्याखाली २७३ अंशांच्या जवळ, केल्विनच्या काही हजारांश तापमानावर चालतात आणि सूक्ष्मलहरींची भाषा बोलतात. बाहेरच्या उबदार तारेत त्या लहरी उष्णतेच्या गोंगाटात बुडतात. त्यांचे प्रकाशकणात भरवशाने रूपांतर करणारे यंत्र जगात अजून कोणाकडेच तयार नाही.

भारत कुठे आहे? जानेवारी २०२२ मध्ये अहमदाबादेत इस्रोचे अंतराळ उपयोजन केंद्र आणि भौतिक संशोधन प्रयोगशाळा यांनी गुंफलेल्या प्रकाशकणांच्या आधारे ३०० मीटरवर सुरक्षित संवाद केला. जून २०२५ मध्ये दिल्ली आयआयटी आणि डीआरडीओ यांनी तेच अंतर मोकळ्या हवेतून एक किलोमीटरच्या पुढे नेले. चीनने मात्र ‘मिसियस’ उपग्रहावरून गुंफलेले कण १,२०० किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांवर पोहोचवल्याचे २०१७ मध्येच जाहीर केले होते. आपल्या प्रयोगांत कण पोहोचले आणि लगेच मोजले गेले. दोन टोकांना गुंफण धरून ठेवणारी मेमरी त्यांत नव्हती. त्यामुळे अंतराचा पल्ला गाठण्याबरोबर टिकवण्याचे काम सुरू करणेही तितकेच निकडीचे आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. क्वांटम मेमरी असलेले अनेक टोकांचे नेटवर्क हे त्याच्या लेखी उद्दिष्टांपैकी एक आहे. अंमलबजावणी चार केंद्रांत विभागली गेली: संगणन बेंगळुरूच्या आयआयएस्सीकडे, संवाद मद्रास आयआयटीकडे, मोजमाप आणि संवेदन मुंबई आयआयटीकडे, साहित्य आणि उपकरणे दिल्ली आयआयटीकडे. कारभारासाठी ही वाटणी सोयीची असेल. पण दूरची टिकाऊ गुंफण या चौघांच्या सीमेवर बसते. तिला संगणनाचे क्यूबिट हवेत, संवादाचे फायबर हवे, संवेदनातली अतिशुद्ध घड्याळे आणि लेझर हवेत, आणि साहित्यातला निर्दोष हिरा किंवा स्फटिकही हवा. चौघांचे असलेले काम कोणा एकाच्या अहवालात ठळक दिसत नाही, आणि जे अहवालात दिसत नाही त्याला पैसाही उशिरा मिळतो.

हे सगळे घटक महाराष्ट्र या एकाच राज्यात आहेत. कुलाब्यात अतिवाहक क्यूबिट. पवईच्या मुंबई आयआयटीत हिऱ्यातल्या नायट्रोजन दोषांवर काम करणारा प्रा. कस्तुरी साहा यांचा गट. डेल्फ्टचे नेटवर्क उभे राहिले ते याच दोषांवर. पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत अतिशीत अणूंवर प्रा. उमाकांत रापोल यांचे काम आणि तिथलीच आय-हब क्वांटम टेक्नॉलॉजी फाउंडेशन. पुण्यातल्याच आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत आयन पकडून प्रकाशीय घड्याळ बनवण्याचा प्रकल्प. आंध्र प्रदेश अमरावतीत आयबीएमचा संगणक आणून ‘क्वांटम व्हॅली’ उभारू पाहतो आहे. महाराष्ट्राने त्याच्याशी क्यूबिटच्या संख्येत शर्यत लावण्याची गरज नाही. राज्याने आपला विषय निवडावा, आणि तो दूरच्या टिकाऊ गुंफणीचा असावा.

मग नागपूर-भंडारा कशासाठी? कारण प्रयोगशाळेत गुंडाळून ठेवलेले ६० किलोमीटरचे फायबर आणि जमिनीत पुरलेले ६० किलोमीटरचे फायबर यांत मोठा फरक आहे. तारेचे सरासरी तापमान एका अंशाने बदलले, तरी ६० किलोमीटरवर प्रकाशाच्या पोहोचण्याची वेळ सुमारे दोन नॅनोसेकंदांनी सरकते. ऐकायला हे किरकोळ वाटते. प्रकाशाच्या मापात तो काही लाख तरंगलांबींचा फरक असतो. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जूनच्या पावसात झपाट्याने उतरतो. मुंबई-हावडा लोहमार्गावर रात्रंदिवस मालगाड्या धावतात, त्यांची थरथर आहे. राष्ट्रीय महामार्गाची वर्दळ आहे. या परिस्थितीत स्थिर राहिलेली जोडणी देशात कुठेही चालेल. डेल्फ्टच्या गटानेही २०२४ मध्ये प्रयोगशाळा सोडून हेगपर्यंत पुरलेल्या २५ किलोमीटर फायबरवर आपले क्यूबिट गुंफून दाखवले, ते याचसाठी.

अंतरही नेमके आहे. ६० किलोमीटरवर सोळातला एक कण पोहोचतो. काम अवघड आहे, पण आवाक्यातले आहे. रिपीटरचा एक टप्पा साधारण एवढाच असेल, असे आज मानले जाते. पहिल्या दिवशी मेमरीची गरज नाही. आधी दोन टोकांची घड्याळे जुळवावीत, मग फायबरचे वर्षभराचे चढउतार मोजावेत, मग गुंफलेले प्रकाशकण पाठवावेत आणि शेवटी मेमरी बसवाव्यात. पहिल्या दोन पायऱ्यांसाठी लागणारी उपकरणे बाजारात मिळतात.

धानाच्या जिल्ह्यात हे कशाला, असा प्रश्न येईल आणि तो रास्त आहे. धानाचे चुकारे वेळेवर मिळावेत, गोसीखुर्द धरणाचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचावे, या मागण्यांपुढे क्वांटम नेटवर्क दूरचे वाटते. पण मिशनचा निधी आधीच मंजूर आहे. तो कुठे खर्च व्हावा एवढाच प्रश्न आहे, आणि दरवेळी त्याच चार-पाच शहरांत तो जावा असा काही नियम नाही. दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो: क्वांटम संगणकाला न जुमानणारी नवी गणिती कुलुपे अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केली, मग गुंफणीची गरज काय? बँकांच्या आणि सरकारी निरोपांच्या सुरक्षेपुरते हे म्हणणे बव्हंशी खरे आहे. ती कुलुपे बसवण्याचे काम लगेच हाती घ्यावे. गुंफणीचे खरे मोल त्याच्या पलीकडे आहे. अनेक लहान क्वांटम संगणक जोडून एक मोठा करणे, दूरदूरची घड्याळे एका लयीत बांधणे, लांब ठेवलेल्या दुर्बिणी एकत्र चालवणे ही कामे गणिती कुलुपांनी होणार नाहीत.

सर्वांत मोठा लाभ माणसांचा आहे. क्वांटम प्रयोगशाळेला सिद्धांतकार थोडे लागतात. फायबर जोडणारे, निर्वात पंप सांभाळणारे, लेझर रोज जुळवणारे, सर्किट बोर्ड प्रोग्राम करणारे हात खूप लागतात. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग आणि एआयसीटीई यांनी डिसेंबर २०२४ मध्ये पदवीस्तरावर क्वांटम तंत्रज्ञानाचा ‘मायनर’ अभ्यासक्रम आणला. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर, साकोली, पवनी, लाखनीच्या विद्यार्थ्यांना तो केवळ पुस्तकातून शिकवला, तर आणखी एक प्रमाणपत्र हाती पडेल. भंडाऱ्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या खोलीत फायबरचे दुसरे टोक येऊन बसले, तर बी.एस्सी.च्या मुलामुलींना जगाच्या पाठीवर मोजक्या ठिकाणी होणारे मोजमाप स्वतःच्या हाताने करता येईल. त्याच्या नोंदी मराठीत लिहिल्या गेल्या, तर पुढच्या तुकडीसाठी मराठी पाठ्यपुस्तकही तयार होईल.

म्हणून मागण्या तीन. मिशनच्या पैशावर चालणाऱ्या प्रत्येक गटाने क्यूबिटच्या संख्येसोबत चार आकडे दरवर्षी जाहीर करावेत: अंतर, गुंफण तयार होण्याचा वेग, ती टिकण्याचा वेळ आणि तिची शुद्धता. राज्य सरकारने नागपूर-भंडारा मार्गावर वापरात नसलेल्या फायबरची एक जोडी संशोधनासाठी दहा वर्षे राखून ठेवावी. नागपूर विद्यापीठ, नागपूरचीच तंत्रशिक्षण संस्था व्हीएनआयटी आणि भंडाऱ्यातली विज्ञान महाविद्यालये यांनी टीआयएफआर, मुंबई आयआयटी आणि पुण्याच्या आयसरला सोबत घेऊन एकच संयुक्त प्रस्ताव पाठवावा, आणि भंडारा-गोंदियाच्या खासदारांनी त्याचा पाठपुरावा करावा. मिशनची मुदत २०३०-३१ मध्ये संपते. फायबर मिळवणे, यंत्रे बसवणे आणि एका उन्हाळ्याची, एका पावसाळ्याची मोजमापे घेणे यातच दोन वर्षे जातील. तेव्हा प्रस्ताव येत्या शैक्षणिक वर्षातच जायला हवा.